पीसीपी रायफलमधली हवा जाते कुठे?

पीसीपी म्हणजे आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणारी रायफल. रात्री ती पेटीत ठेवताना गेज २०० बार (बार हे दाबाचं एकक) दाखवत होतं आणि सकाळी १८७. लगेच ओ-रिंगांचा, म्हणजे जोडांतून हवा निसटू नये म्हणून बसवलेल्या रबरी कड्यांचा, अख्खा संच मागवू नका. आधी हवा खरंच गेली का, ते बघा. पुण्याच्या थंडीत दुपारी ३० अंश आणि पहाटे १० अंश असेल, तर थेंबभर गळती नसतानाही २०० बारचे साधारण १८७ होतात. नुकतंच भरलेलं सिलिंडरही गरम असतं, निवलं की आकडा उतरतो. म्हणून भरल्यावर दोन-तीन तास थांबून पहिली नोंद करा आणि दुसरी २४ तासांनी, त्याच खोलीत, त्याच तापमानाला.

गळती असेल तर किती, याचा हिशोब सोपा आहे. २०० मिलीच्या सिलिंडरमध्ये २०० बारला बाहेरच्या मापाने सुमारे ४० लिटर हवा असते. १० बार उतरले म्हणजे २ लिटर गेली. हे एका दिवसात झालं असेल तर मिनिटाला साधारण १.४ मिली, म्हणजे ३ मिलिमीटरचे जवळपास शंभर बुडबुडे. आठवड्यात झालं असेल तर मिनिटाला चौदा. साबणाच्या पाण्यात हेही दिसतात, फक्त एका जागी पाच मिनिटं नजर रोखून बसावं लागतं. घाईत ब्रश फिरवून ‘काही सापडलं नाही’ म्हणणाऱ्यांची गळती याच पाच मिनिटांत निसटते.

१० मीटरच्या मॅच रायफलचं सिलिंडर सुटं होतं, त्यामुळे निम्मं काम एका रात्रीत होतं. सिलिंडर काढून वेगळं ठेवा. त्याच्याच गेजवर दाब टिकला तर दोष रायफलमध्ये, उतरला तर सिलिंडरमध्ये. सिलिंडर दोषी असेल तर वाटीभर पाण्यात चमचाभर भांडी घासायचं लिक्विड हलकेच मिसळा. ढवळून फेस काढला तर खरा बुडबुडा ओळखू येत नाही. तोंडाचा व्हॉल्व्ह, गेजचा आटा आणि टोकाचा जोड, तिन्ही ठिकाणी ब्रशने लावा. पंक्चरवाल्यासारखं अख्खं सिलिंडर घमेल्यात बुडवायचा मोह होतो, पण गेजमध्ये पाणी शिरतं.

रायफलच्या बाजूला तीन जागा तपासायच्या. पहिली, सिलिंडर बसतं तिथली ओ-रिंग. दर वेळी आटे फिरताना तीच घासली जाते, म्हणून पहिला संशय तिच्यावर. दुसरी जागा नळी. छर्रा नसल्याची खात्री करून बोल्ट बंद करा, नळीच्या तोंडावर फुगा ताणून बसवा आणि तासभर ठेवा. फुगा फुगला तर मुख्य व्हॉल्व्हची सीट, म्हणजे तो टेकून बंद होतो ती जागा, हवा सोडते आहे. अनेकदा तिथे धातूचा बारीक कण अडकलेला असतो. फुगा काढून, छर्रा न भरता, सुरक्षित दिशेला पूर्ण दाबावर चार-पाच वेळा हवा मारली की तो उडून जातो. नाही गेला तर सीट उघडावी लागेल.

तिसरी जागा सगळ्यांत फसवी, रेग्युलेटरचं (सिलिंडरचा दाब कमी करून एकसारखा ठेवणाऱ्या भागाचं) बारीक भोक. आतल्या स्प्रिंग वॉशर्सभोवती बाहेरचाच दाब राहावा म्हणून ते मुद्दाम ठेवलेलं असतं. तिथून बुडबुडे आले तर पिस्टनची ओ-रिंग गेली. ते भोक एम-सील लावून बुजवू नका. बुजवलं की आत दाब साठतो, रेग्युलेटरचा आकडा भरकटतो आणि उघडताना ती हवा तोंडावर येते.

उघडण्याआधी दाब शून्य हवा. सिलिंडर काढल्यावरही रायफलमध्ये हवा उरते, ती सुरक्षित दिशेला, छर्रा न भरता, पुन्हा पुन्हा ट्रिगर ओढून आवाज बंद होईपर्यंत सोडा. सिलिंडर रिकामं करायला त्याच्यासोबत मिळणारं साधन वापरा. गेज शून्यावर असूनही आटा नेहमीपेक्षा घट्ट लागला तर तिथेच थांबा, आत दाब आहे. डोळ्यांवर गॉगल हवाच.

जुनी ओ-रिंग मोजून नवी आणू नका, ती चपटी झालेली असते. कंपनीच्या यादीतलं माप घ्या, नाहीतर व्हर्नियरने खाच मोजा. १.७८ आणि २ मिलिमीटर जाडीच्या रिंग डोळ्यांना सारख्याच वाटतात. २०० बारला ७० शोअरची (शोअर म्हणजे रबराच्या कडकपणाचं माप) मऊ रिंग फटीत दाबली जाऊन कुरतडते, ९० शोअरची टिकते. रिंग काढायला लाकडी टूथपिक वापरा. सुईने खाचेत ओरखडा पडला की कितीही नव्या रिंगा घाला, गळती राहतेच. बसवताना शुद्ध सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात पुरे. मशीन ऑइल किंवा डब्ल्यूडी-४० कधीच नाही: उच्च दाबाच्या हवेत खनिज तेल पेट घेऊ शकतं.

सिलिंडरवर कोरलेली तारीखही याच वेळी वाचा. मुदत उलटली असेल तर ते दुरुस्त करायचं नाही, बदलायचं.

जोडणी झाली की आधी १०० बारच भरा आणि साबणाचं पाणी लावून बघा, मग २०० करा. पंपाने भरत असाल आणि रिकाम्या रायफलच्या नळीतून हवा निसटत असेल, तर रायफल कॉक करून, म्हणजे आतली हातोडी मागे अडकवून, भरा. काही मॉडेलमध्ये हातोडी व्हॉल्व्हच्या दांड्यावर टेकलेली असते आणि कमी दाबाला तो नीट बंद होत नाही.