४०७ची टाकी पिकअपला बसवताना

गाडी २००४ सालची डिझेल पिकअप, कॉमन रेलच्या (इलेक्ट्रॉनिक इंजेक्शनच्या) आधीची, यांत्रिक पंपाची. कांद्याच्या हंगामात चांदवडहून लासलगावच्या बाजार समितीत फेऱ्या मारणारी. तिची टाकी तिला जखडणाऱ्या लोखंडी पट्ट्याखाली कुजली होती. पट्टा आणि पत्रा यांच्यामध्ये चिखल अडकतो, ओल सुकत नाही आणि गंज तिथूनच आरपार जातो. एम-सीलचे थर लावून झाले होते, तरी पाझर थांबेना. तशी टाकी लवकर मिळत नव्हती आणि माल थांबणारा नव्हता. म्हणून भंगारातून टाटा ४०७ या छोट्या ट्रकची टाकी आणली.

आधी ती आतून धुतली. दोन लिटर डिझेल आणि साखळीचा दोन फूट तुकडा टाकून टाकी चारही अंगांवर हलवली. असं तीनदा केल्यावर डिझेल स्वच्छ आलं. मग सगळी तोंडं बंद करून सायकलच्या पंपाने थोडी हवा भरली आणि सांध्यांवर साबणाचा फेस लावला. इथे कॉम्प्रेसर लावायचा नाही, पत्रा फुगून शिवण उकलते.

टाकी जुनीपेक्षा ९ सेंटिमीटर लांब होती. सायलेन्सरपासून वीतभर तरी अंतर हवं, म्हणून मागे सरकवली. ४० बाय ४० बाय ५च्या अँगलचे दोन ब्रॅकेट केले आणि चेसिसला मुळात असलेल्या भोकांतच १० एमएमच्या बोल्टांनी, डबल नट लावून बसवले. चेसिसच्या वरच्या-खालच्या पट्टीला नवं भोक पाडायचं नाही आणि वेल्डिंगही मारायचं नाही, चीर तिथूनच सुरू होते. पट्ट्याखाली कन्व्हेयर बेल्टचे तुकडे घातले. ट्यूबचं रबर डिझेलने फुगून मऊ पडतं आणि पट्टा सैल होतो.

फ्लोटवर, म्हणजे टाकीत किती डिझेल आहे ते काट्याला कळवणाऱ्या तरंगत्या भागावर, बराच वेळ गेला. मीटर लावून पाहिलं तर दोन्ही गाड्यांच्या फ्लोटचा रेझिस्टन्स जुळत नव्हता. म्हणजे ४०७चा फ्लोट ठेवला असता तर डॅशबोर्डवरचा काटा खोटं दाखवणार. पिकअपचाच फ्लोट वापरायचा ठरलं, पण त्याला पाच स्क्रू आणि टाकीच्या तोंडाला सहा. मग ३ एमएमच्या पत्र्याचं नवं झाकण कापलं. बाहेरच्या बाजूला टाकीची सहा भोकं, मध्ये फ्लोटसाठी आटे पाडलेली पाच, खाली डिझेलला टिकणारं गॅस्केट. नवी टाकी ५ सेंटिमीटर खोल, त्यामुळे फ्लोटची तार तेवढ्या हिशोबाने लांबवली. शिवाय टाकी आता बेल्टवर बसलेली, तिला चेसिसचं अर्थिंग मिळत नाही. झाकणाच्या स्क्रूपासून चेसिसपर्यंत वेगळी वायर ओढल्यावरच काटा हलला.

सक्शनचा, म्हणजे डिझेल ओढणारा, पाइप तळापासून १५ एमएम वर ठेवला, म्हणजे गाळ ओढला जात नाही. टाकीची नळी १० एमएमची आणि गाडीचा होज ८चा होता. क्लिप आवळून भागवण्यापेक्षा पितळेचा रिड्यूसर करून घेतला. सक्शनच्या बाजूचा सांधा सैल असला तर डिझेल ठिबकत नाही, हवा आत जाते, म्हणून तो डोळ्यांना दिसतच नाही. बँजो बोल्टचे (डिझेल आतून जाणाऱ्या पोकळ बोल्टचे) तांब्याचे वॉशर लाल तापवून पाण्यात विझवले. तसे ते मऊ होतात आणि नीट बसतात.

८ लिटर डिझेल टाकलं, प्रायमरने, म्हणजे हातपंपाने, फिल्टरची एअर काढली, गाडी पहिल्याच स्टार्टरला लागली. अर्धा तास आयडलवर चालली, कुठे थेंब नाही. मग पंपावर जाऊन जवळजवळ गळ्यापर्यंत टाकी भरली आणि राहुड घाटाकडे चाचणीला निघालो. चढावर गाडीची ओढ कमी झाली आणि ती बंद पडली.

पहिला संशय एअरवर गेला. पण प्रायमरचा दांडा वर ओढताना हाताला जोर लागत होता आणि सोडला की तो आपोआप खाली खेचला जात होता. हवा शिरत असती तर दांडा सैल हलला असता. ही अडलेल्या सक्शनची खूण. टाकीच्या बाजूला पाहिलं तर तळहाताएवढा पत्रा आत ओढला गेला होता. डिझेल भरायच्या तोंडाचं झाकण फिरवताच लांब फुसकारा आला आणि पत्रा टक्कन आवाज करून बाहेर आला.

कारण असं होतं. या ४०७च्या टाकीत हवा आत घेण्याची सोय मूळ झाकणातच होती, तिला वेगळी व्हेंटची नळी नव्हती. पिकअपला वेगळी नळी होती आणि तिचं कुलूपवालं झाकण घट्ट बंद राहणारं. आम्ही टाकी एकीची आणि झाकण दुसरीचं घेतलं, त्यामुळे हवेला वाटच उरली नाही. गॅरेजमध्ये हे कळलं नाही, कारण ८ लिटर डिझेलवर आत भरपूर हवा होती. अर्धा लिटर कमी झालं तरी दाब फारसा उतरत नाही. भरलेल्या टाकीत वर तीन-चार लिटरच हवा उरते, त्यातून दीड-दोन लिटर डिझेल गेलं की पंप ओढूच शकत नाही. चाचणी भरल्या टाकीवरच घ्यावी लागते, ती याचसाठी.

तेवढ्यापुरतं झाकण सैल ठेवून गाडी हळू परत आणली. फ्लोटचं झाकण काढून टाकीपासून लांब, दुसऱ्या शेडमध्ये नेलं आणि त्यावर ६ एमएमची नळी ब्रेझिंगने (पितळ वितळवून) जोडली. टाकीजवळ ज्योत नेलीच नाही. डिझेल धुऊन काढलं तरी वाफ कोपऱ्यात राहते. व्हेंटचा होज डिझेल भरायच्या तोंडापेक्षा उंच नेला आणि टोक खाली वळवून ठेवलं, म्हणजे पाणी आणि धूळ शिरत नाही.

दुसऱ्या दिवशी टाकी गळ्यापर्यंत भरून, हौद्यात माल घालून तोच घाट चढवला. वर पोहोचल्यावर झाकण उघडलं, फुसकारा आला नाही. १०० किलोमीटरनंतर पट्टे पुन्हा आवळले, त्यातला एक अर्धा आटा सैल झालेला होता.