सोलापुरी विणकामाचा पाय : माझा अनुभव

माझा डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला, त्याला आता चार वर्षे झाली. जखम भरल्यावर एका शिबिरात मला पहिला कृत्रिम पाय मिळाला. प्लॅस्टिकचा जाड पाइप भट्टीत तापवून, माझ्या पायाच्या साच्यावर चढवून तो तयार केला होता. त्या पायामुळे मी पुन्हा कारखान्यापर्यंत चालत जाऊ शकले आणि त्याबद्दलची कृतज्ञता आजही मनात आहे. मात्र त्याचा तपकिरी रंग माझ्या कातडीच्या जवळ येऊनही तिच्याशी जुळत नव्हता. सोलापूरच्या पूर्व भागात मी चादरींच्या नक्षीचे ग्राफ काढते. सुताची एक छटा चुकली तरी माल परत येतो, अशा कामात वीस वर्षे घालवलेल्या डोळ्यांना तो फरक रोज खटकत असे. त्वचेची नक्कल अर्धवटच साधणार असेल तर ती करूच नये, असे मला वाटू लागले.

पाय बदलण्याची वेळ लवकरच आली. कापलेल्या पायाचा उरलेला भाग, ज्याला तंत्रज्ञ ‘स्टम्प’ म्हणतात, तो सुरुवातीच्या काळात आक्रसत जातो. सूज उतरते, स्नायू बारीक होतात आणि सॉकेट, म्हणजे कृत्रिम पायाचा स्टम्प बसतो तो पोकळ भाग, सैल पडते. ती पोकळी भरण्यासाठी स्टम्पवर एकावर एक मोजे चढवावे लागतात. माझे पाच मोजे झाले तेव्हा तंत्रज्ञ म्हणाले, “ताई, आता नवा पाय करूया.” हा पाय रेझिनचा, म्हणजे ओतल्यावर घट्ट होणाऱ्या द्रव प्लॅस्टिकचा, होणार होता. त्यात सॉकेटखाली पिंढरीचा आकार घडवून त्यावर सुती जाळीचे थर चढवतात, वरून प्लॅस्टिकची पिशवी ओढतात, तिच्यात रेझिन ओततात आणि आतली हवा पंपाने खेचून घेतात. शेवटच्या थरात आमच्या मागावरचे कापड घालता येईल का, असे मी विचारले. “छापील कापड घातलंय, मागावरचं कधी घातलं नाही. घेऊन या, बघू,” असे ते म्हणाले.

असे काही करणारी मी पहिली नव्हे, हे मला ठाऊक होते. १९९८ साली अलेक्झांडर मॅक्वीन यांच्या लंडनमधील फॅशन शोमध्ये एमी मलिन्स ही धावपटू हाताने कोरलेले लाकडी पाय घालून चालली होती आणि पाहणाऱ्यांपैकी अनेकांना ते बूटच वाटले होते. ते छायाचित्र मी पुष्कळदा पाहिले आहे. त्यातली वेलबुट्टी पायावर चिकटवलेली वाटत नाही. ती पायाच्या आकारातूनच उमटली आहे. मला हेच हवे होते.

पहिला प्रयत्न फसला. साधी सोलापुरी चादर या कामाला फारच जाड पडते, म्हणून मी बारीक सुताचे एकपदरी कापड विणून घेतले होते. तरीही उभ्या-आडव्या धाग्यांचे कापड मुळात ताणले जात नाही. पिंढरीवर ते नीट बसले, पण घोट्याकडे चुण्या पडल्या. रंगांचे तर विचारूच नये. रेझिन प्यायलेले सूत गडद होते आणि पांढरे सूत जवळजवळ पारदर्शक होते, त्यामुळे माझी पांढरी फुली खालच्या थरात विरून गेली. सुदैवाने हा प्रयोग आम्ही जुन्या साच्यावर केला होता.

त्यानंतरचे तीन महिने मी ग्राफसमोर काढले आणि या साऱ्या खटाटोपात मला सर्वाधिक आनंद तिथेच मिळाला. कापड तिरके कापले की ते ताणले जाते, हे शिवणकाम करणाऱ्या कोणालाही माहीत असते. परंतु तिरके कापल्यावर नक्षीही तिरकी होते, म्हणून ती ग्राफवर आधीच तिरकी मांडावी लागते. शिवाय तिरके कापड लांबीला ताणले की रुंदीला आखडते. घोट्याजवळ चौकोन चौकोनच दिसायचा असेल तर ग्राफवर तो बुटका आणि रुंद काढावा लागतो. नव्या पायाची पिंढरी उजव्या पायाच्या मापाने घडवली जाते, त्यामुळे मी माझ्या उजव्या पायाचा घेर दर दोन सेंटिमीटरवर मोजला आणि प्रत्येक मापासाठी चौकोन वेगळा आखला. अपघातानंतर माझ्या शरीराकडे मी इतक्या निवांत नजरेने तोवर पाहिले नव्हते. रंग दोन छटांनी फिके घेतले, फुलीसाठी पांढऱ्याऐवजी पिवळे सूत घेतले आणि कापडाखाली एक पांढरा थर घालायचे ठरले. आमच्या जॉबरनी, म्हणजे माग जुळवून देणाऱ्या कारागिरांनी, माग मोकळा असेल त्या रात्री हे कापड विणले आणि खळ पूर्ण निघेपर्यंत ते स्वतः धुऊन दिले, कारण खळ राहिली तर रेझिन सुतात मुरत नाही.

पाऊल मात्र मी बदलले नाही. ते जयपूर फूट आहे. १९६० च्या दशकाच्या अखेरीस कारागीर रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी ते घडवले, तेव्हा अनवाणी चालणाऱ्या, उकिडवे बसणाऱ्या, चिखलात काम करणाऱ्या माणसांचा विचार त्यात होता. रबराच्या त्या पावलाचा रंगही तपकिरीच आहे; पण बोटांपासून टाचेपर्यंत त्याची प्रत्येक गोष्ट वापरातून ठरलेली आहे आणि तिथे माझ्या नक्षीचे काही काम नव्हते.

आईला हे पटले नव्हते. “लोक आधी पायच बघतील,” असे ती म्हणाली आणि तिची काळजी खोटी नव्हती. नवा पाय घालून आम्ही दोघी सिद्धेश्वराच्या दर्शनाला गेलो. चप्पल काढून ओल्या फरशीवरून चालताना मी साडी थोडी वर धरली होती. एका बाईंनी खरोखरच पायाकडे पाहिले आणि आईला विचारले, “चादरीचं डिझाईन आहे का हे?” आईने उत्तर दिले, “हिनंच काढलंय.”

रेझिनमध्ये बसलेले कापड परत काढता येत नाही. पुढच्या पायासाठी नवेच लागेल. सध्या सकाळी एक मोजा पुरतो, दुपारनंतर दोन लागतात. त्याच विणीचे दीड मीटर कापड धुऊन, घडी घालून मी कपाटात ठेवले आहे.