पाणी नाही, गाळ तपासा
आज ओहोटीला शिवडीच्या बाजूला गाळाचे नमुने घेतले. वरचा थर तपकिरी, पण बोटभर खाली गेलं की काळाकुट्ट चिखल आणि सडक्या अंड्याचा वास. तिथे ऑक्सिजन पोचत नाही. शिसं, कॅडमियम, जस्त असे धातू सल्फाइडशी (गंधकाच्या संयुगाशी) बांधले जाऊन तिथेच अडकून पडतात. हाच गाळ उपसून उघड्यावर टाकला की हवा लागते आणि ते पुन्हा सुटू शकतात. म्हणून खाडी 'साफ' करताना आधी गाळ तपासायलाच हवा, असं मला अगदी मनापासून वाटतं.

नमुना घ्यायला प्लास्टिकचाच चमचा. लोखंडी वापरला तर त्याचेच धातू मोजले जातील. मग वाळवून ६३ मायक्रॉनच्या चाळणीतून चाळायचं, कारण धातू बारीक कणांनाच जास्त चिकटतात. पुढे ॲसिडमध्ये विरघळवून आयसीपी-एमएसवर, म्हणजे अगदी सूक्ष्म प्रमाणातले धातू मोजणाऱ्या यंत्रावर, मोजणी. पाऱ्याचा नमुना मात्र तापवून वाळवायचा नाही, उडून जातो.

नुसत्या आकड्यावरही भागत नाही. आपला दख्खनचा बेसॉल्ट, म्हणजे काळा कातळ, मुळातच तांबं, क्रोमियम बाळगून असतो, म्हणून मुख्यतः खडकातूनच येणाऱ्या ॲल्युमिनियमशी गुणोत्तर काढून नैसर्गिक किती आणि आपण ओतलेलं किती हे पाहावं लागतं.

होडीवाल्या कोळी काकांनी विचारलं, "मग मासळी खायची का नाय?" गाळावरून ते ठरत नाही, त्यासाठी मासळीच तपासावी लागते, असं त्यांना सांगितलं. "मग तपासा की!" म्हणाले. बरोबरच आहे त्यांचं. कालवं आणि निवट्यांचे नमुने आता यादीत घेतलेत.