कस्तुरचंद पार्कवरची वावटळ
नवतपा सुरूय, नागपूर नुसतं भाजून निघतंय, आणि आज दुपारी कस्तुरचंद पार्कच्या मैदानात मस्त वावटळ उठली, मी गाडी साइडला लावून पूर्ण बघितली. तिच्या पायथ्याशी बघा कधी, जाडी रेती जमिनीलगत टुणटुण उड्या मारत असते आणि बारीक धूळ वर चढत जाते. आपल्याला वाटतं धूळ हलकी म्हणून आधी तीच उडत असेल, पण नाही, ते बारीक कण एकमेकांना घट्ट चिकटून बसलेले असतात, आधी हलतात ते साधारण ०.१ मिमीचे रेतीचे कण, ते उडून परत आपटले की धूळ सुटते आणि मग तापून वर जाणारी हवा तिला घेऊन जाते. मधोमध हवेचा दाब कमी असतो, त्याचीही मदत होते. शिवाय कण एकमेकांवर घासून चार्ज होतात, बारीक कण बहुतेक निगेटिव्ह!! मंगळावर हवा इतकी विरळ, तरी तिथेही वावटळी उठतात, २०२१ मध्ये पर्सिव्हरन्स रोव्हरवरून एक गेली तेव्हा कण आपटल्याचा आवाज माइकमध्ये रेकॉर्ड झालाय, नक्की ऐका. पोरांनाही वावटळ दाखवा, फक्त गॉगल आणि दुपट्टा पाहिजेच.