बाराबंदी पांढरी दिसली पाहिजे

सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेचे फोटो पाहताना दरवर्षी एक गोष्ट खटकते. नंदीध्वज धरणाऱ्या मानकऱ्यांची बाराबंदी, म्हणजे बंदांचा पांढरा अंगरखा, राखाडी दिसते आणि चेहरे काळवंडलेले असतात. मॅन्युअल मोड (सगळे आकडे आपण ठरवायचे) लावून, कॅमेऱ्यातल्या प्रकाश मोजणाऱ्या मीटरची सुई बरोबर शून्यावर आणून काढलेल्या फोटोंतही हेच होतं.

याचं कारण मीटरमध्येच आहे. समोर पांढरं कापड आहे की काळं घोंगडं, हे त्याला कळत नाही. जे दिसेल ते मध्यम राखाडी धरून तो आकडा सांगतो. म्हणजे फ्रेम पांढऱ्या कपड्यांनी भरली की शून्यावरचा फोटो दीड-दोन स्टॉप अंधारा येणारच (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा). सावळी त्वचा कापडापेक्षा साधारण दोन स्टॉप खाली असते, त्यामुळे जास्त नुकसान चेहऱ्याचं होतं. नंतर सॉफ्टवेअरमध्ये उजळवलं तर सावल्यांत दाणे उठतात.

उपाय असा. आधी ऑटो आयएसओ, म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता कॅमेऱ्याने आपोआप बदलण्याचा पर्याय, बंद करा. तो चालू असेल तर तुम्ही शटरचा वेग बदलाल तसा कॅमेरा आयएसओ फिरवत राहतो आणि एक्स्पोजर, म्हणजे फोटोचा उजेड, होतं तिथेच राहतं. बहुतेकांची गाडी इथेच अडते. मग स्पॉट मीटरिंग (फक्त मधल्या बिंदूचा प्रकाश मोजणं) लावून उन्हातल्या बाराबंदीवर मधला बिंदू धरा आणि सुई प्लसच्या बाजूला पाच क्लिक, म्हणजे एक पूर्ण दोन तृतीयांश स्टॉप, येईपर्यंत शटर फिरवा. एक फोटो काढून हायलाइटची सूचना, म्हणजे अति उजळ भाग लुकलुकवून दाखवणारी खूण, पाहा. कापडाचा मोठा भाग लुकलुकत असेल तर एक-दोन क्लिक मागे या. नुसती जरीची किंवा पितळेची चमक लुकलुकली तर खुशाल सोडून द्या.

जानेवारीतल्या स्वच्छ दुपारी आकडे आयएसओ १००, अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ ८, शटर १/५०० सेकंदाच्या आसपास येतात. ऊन तेच आहे तोवर ते बदलायचे नाहीत, मग फ्रेममध्ये पांढरे कपडे येवोत की गर्द रंगाची साडी. मॅन्युअलचा खरा फायदा हाच! मिरवणूक गल्लीच्या सावलीत शिरली की मात्र प्रकाश तीन-चार स्टॉप पडतो. तिथे एफ ४, १/२५०, आयएसओ २०० पासून सुरुवात करा. पांढरं काही हाताशी नसेल तर त्याच प्रकाशात आपला तळहात धरून मोजा आणि एक स्टॉप प्लस ठेवा.

रात्री यात्रेच्या होम मैदानावरच्या स्टॉलमधले स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. १/५०० ला फोटोत आडवे पट्टे येतात किंवा एक फोटो उजळ, दुसरा अंधारा निघतो. शटर १/१०० ला ठेवा, अ‍ॅपर्चर एफ २.८ पर्यंत उघडा आणि उरलेली कमी आयएसओने भरून काढा. पाळण्यातली माणसं १/१०० ला हलणारच, त्यांना थोडं हलू द्या.