खिडकीतून दिसेल असा टीव्ही

"पात्राव, रंग पळय रंग!" म्हणजे मालक, रंग बघा रंग, असं म्हापशाच्या टीव्हीच्या दुकानातला मुलगा म्हणाला, आणि मी रंग पाहायचे सोडून बाजूला सरकत सरकत पार वॉशिंग मशीनपाशी जाऊन उभा राहिलो. तिथून मान तिरपी करून टीव्हीकडे पाहू लागलो. त्या मुलाला वाटलं, हे गिऱ्हाईक हातचं गेलं.

सरकण्याला कारण होतं. ८ जुलै १९९०, रात्री साडेअकरा. गोव्यात, आमच्या डिचोलीत धो धो पाऊस. आमच्या वाड्यावर टीव्ही होता तो शेजारच्या भाईंकडे, काळा-पांढरा. फुटबॉल विश्वचषकाची फायनल, पश्चिम जर्मनी विरुद्ध अर्जेंटिना. हॉल माणसांनी भरलेला, दारात चपलांचा ढीग. उशिरा पोचलेल्या आम्हा पोरांच्या वाट्याला बाहेरून खिडकी आली. एका छत्रीत तिघे, मानेवरून पागोळ्यांचं पाणी आत उतरतंय. टीव्ही त्याच भिंतीच्या कोपऱ्यात असल्यामुळे दिसायचा तो अगदी तिरका. तरी दिसायचा. पिक्चर ट्यूबचं ते एक बरं होतं, समोरून पाहा नाहीतर कडेने पाहा, चित्र तेच. अर्जेंटिना निळ्या शर्टात होती म्हणून बरं, काळ्या-पांढऱ्या पडद्यावरही कोण कुठला ते कळत होतं. ८५व्या मिनिटाला जर्मनीच्या ब्रेमेने पेनल्टी मारली ती मी एका डोळ्याने पाहिली. दुसऱ्या डोळ्यापुढे गज होता.

तेव्हापासून माझ्या डोक्यात बसलंय की खेळाचा टीव्ही म्हणजे जो कडेच्या माणसालाही दिसतो तो.

आमच्या घरात तर सगळे कडेलाच. बाबांची आरामखुर्ची डावीकडे खिडकीखाली, कारण वारा तिथे येतो आणि ती खुर्ची हलवायची कुणाची छाती नाही. बायको सामना पाहते ती स्वयंपाकघराच्या दारातून, हातात डाव घेऊन. मुलगी जमिनीवर लोळून. आणि सामना रंगात आला की बाहेर सोप्यावर गप्पा मारत बसलेले दोघं-तिघं खिडकीत येतात. पडद्यासमोर सरळ बसणारा माणूस घरात एकटा मी, आणि मीही जाहिराती लागल्या की उठतो.

तर गेल्या वर्षी टीव्ही घ्यायचं ठरलं. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांच्या वरच्या टीव्हीवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला, त्यामुळे 'बघू पुढच्या वर्षी' हे माझं जुनं हत्यार बोथट झालं. पुढच्या वर्षी विश्वचषक आहे, हे मुलीने वर ऐकवलं. मग इंचांचा वाद. इंच मोजतात ते कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरके, हे सगळ्यांना माहीत असतं, पण त्यातली गोम घरी आणल्यावर कळते. ५५ आणि ६५ यांत ऐकायला दहाचाच फरक. पण ५५चा पडदा सुमारे १२२ सेंटीमीटर रुंद आणि ६८ उंच, तर ६५चा १४४ रुंद आणि ८१ उंच. म्हणजे क्षेत्रफळ जवळजवळ ४० टक्क्यांनी वाढतं. किमतीचं विचारू नका.

बायकोने हिशेबावर विश्वास न ठेवता जुन्या वर्तमानपत्राची पानं जोडून ६५ इंचांचा चौकोन भिंतीवर चिकटवला. आठ दिवस तो तिथेच होता. बाबा संध्याकाळी खुर्चीत बसून त्या चौकोनाकडे टक लावून पाहायचे. त्यातली एक निधनवार्ता त्यांनी तीनदा वाचली आणि मग निर्णय दिला, "बसून वाचता येतं. हाच घे." मी वाचलेला नियम असा की पडद्याच्या कर्णाच्या साधारण दीडपट ते पावणेदोनपट अंतरावर बसावं. आमची सोप्याकडची भिंत टीव्हीपासून ११ फुटांवर, तेव्हा ७५सुद्धा चालला असता. पण ७५ आणला तर चवथीला गणपतीवरची माटोळी, ती फळाफुलांची मांडणी, कुठे बांधायची, असं बायकोने विचारलं आणि तो विषय तिथेच मिटला.

दुकानात टीव्ही बघणं म्हणजे लग्नाच्या मांडवात मुलगी बघण्यासारखं. सगळं झगमगत असतं. प्रत्येक पडद्यावर मासे, फुलं नाहीतर कापलेली फळं, आणि सगळं इतकं सावकाश हलत असतं की कुठलाही टीव्ही चांगलाच दिसावा. मासा काय, तो घाईत नसतो. मी म्हटलं, फुटबॉल लाव. मुलाने मोबाइलवरून कुठलासा सामना लावला आणि निम्म्या टीव्हींचं पितळ उघडं पडलं. हिरवळ पोपटासारखी हिरवीगार झाली. कॅमेरा मैदानावरून सरकला की एका पडद्यात उभे मळकट पट्टे दिसायला लागले, जणू गवतावरून कुणी ओला पोचा फिरवलाय. माशांच्या चित्रात हे पट्टे जन्मात दिसले नसते. दुसऱ्या पडद्यावर चेंडूला शेपूट फुटलं होतं. हे पॅनेलच्या, म्हणजे खुद्द पडद्याच्या, सुस्तपणाने होतं, आणि कधी कधी टीव्हीच्या अति हुशारीनेही. दोन चित्रांच्या मध्ये तो स्वतःच्या मनाने तिसरं चित्र घुसवतो, हालचाल गुळगुळीत दिसावी म्हणून, आणि मनाने घुसवलेला चेंडू कधी कधी खेळाडूच्या बुटात विरघळून जातो. मी ते मोशनचं सेटिंग बंद करायला लावलं. मुलाने आयुष्यात पहिल्यांदाच ते बंद केलं असावं.

मग माझं ते सरकणं. समोरून जो टीव्ही सगळ्यांत देखणा, काळा रंग अगदी काजळासारखा, तो कडेने पाहिला तर खेळाडूंचे चेहरे धुतल्यासारखे फिके. अशा पॅनेलला व्हीए म्हणतात. त्याच्या शेजारचा आयपीएस पॅनेलचा. त्याचा काळा रंग थोडा राखाडीकडे झुकणारा, पण वॉशिंग मशीनपाशी उभं राहूनही गवत गवतासारखं दिसत होतं. खोक्यावर हे बहुधा लिहिलेलं नसतं, सरकूनच कळतं. ओएलईडी हा तिसरा प्रकार दोन्हीकडून उत्तम, पण चॅनेलचा लोगो आणि धावफलक वर्षानुवर्षं एकाच कोपऱ्यात राहिला तर त्याचा डाग बसू शकतो. आमच्याकडे तर सामना नसला तरी बाबांच्या बातम्या दिवसभर चालू, खालच्या पट्टीसकट. शिवाय किंमत. मी राखाडी काळा घेतला. मुलगा म्हणाला, "पात्राव, दुसरो बरो आसलो." समोर बसणाऱ्यासाठी होताच.

टीव्ही बसवायला आलेल्या माणसाची आणि आमच्या भिंतीची गाठ पडली तो प्रसंग थोडक्यात सांगतो. घर जुनं, चिऱ्यांचं, आत मातीचा गिलावा. त्याने ड्रिल लावलं, लाल धुरळा उडाला आणि भोकाचं भगदाड झालं. त्याने खिट्टी घातली, ती बोटाने बाहेर आली. आणखी मोठी घातली, तीही आली, येताना मूठभर माती घेऊन. शेवटी "स्टँडवर ठेवा" असं सांगून तो माणूस निघून गेला. स्टँड म्हणजे टीव्हीच्या दोन टोकांना दोन पाय, आणि आमचं टेबल त्या पायांपेक्षा वीतभर आखूड. दोन दिवस साठ-सत्तर हजारांचा ऐवज आडव्या खोक्यात. मग मेस्त, म्हणजे आमचा सुतार, आला, फणसाची एक फळी तासून टेबलावर ठोकली आणि चहा पिऊन गेला. भगदाडावर आता कॅलेंडर आहे.

बाबांचं म्हणणं, मोठ्या पडद्यावर हारही मोठी दिसते. २० डिसेंबर २०१५ला फातोर्ड्यात आयएसएल या फुटबॉल लीगच्या फायनलमध्ये एफसी गोवा ८७व्या मिनिटाला २-१ने पुढे होता आणि शेवटच्या काही क्षणांत चेन्नईयिनकडून ३-२ने हरला. ते त्यांनी जुन्या २१ इंचांवर पाहिलं, तेवढंच पुरे झालं म्हणतात. क्रिकेटला तर ते खेळच मानत नाहीत.

आणि २ नोव्हेंबरची रात्र. महिला क्रिकेट विश्वचषकाची फायनल, नवी मुंबईत. आम्ही नेटवरून पाहत होतो. नेटवरचं चित्र टीव्ही आधी थोडं साठवतो आणि मग दाखवतो, त्यामुळे भाईंच्या डिशपेक्षा आम्ही अर्धा मिनिट मागे. संध्याकाळपासून विकेट पडली की आधी भाईंच्या घरून ओरडा आणि मग आमच्या पडद्यावर विकेट. मुलीने कानात बोळे घातले होते.

मध्यरात्र झाली. दक्षिण आफ्रिकेची शेवटची जोडी, समोर डी क्लर्क. आमच्या पडद्यावर दीप्ती शर्मा चेंडू हातात फिरवत अजून उभी होती, तोच भाईंकडे गलका झाला. फटाके. धावत्या चपलांचा आवाज आमच्या खिडकीपर्यंत आला. भाईंचा नातू, बातमी सांगायला. तोंड उघडलं त्याने, आणि आत पाहिलं. आमच्याकडे चेंडू नुकताच हवेत गेला होता. हरमनप्रीत मागे मागे धावत होती. पोरगा गज धरून तसाच थांबला, काही बोलला नाही.

"धर गो, धर!" खुर्चीतून बाबा ओरडले.