तुम्ही विचारलंत म्हणून: काल दोन हजार, आज चारशे

"चार डिस्कचा रेड ५ (अनेक डिस्क एकत्र जोडून एकीसारख्या वापरायची पद्धत) आहे. काल वाचनाचा वेग सेकंदाला २,००० एमबी आला, आज ४००. डिस्क जायला आलीय का?" आकडे बदलतात, पण हा प्रश्न मला वरचेवर येतो.

आजचाच आकडा खरा आहे हो. मिनिटाला ७,२०० फेऱ्यांची (आरपीएम) एक डिस्क सलग वाचताना सेकंदाला २००-२५० एमबी देते. चार मिळून २,००० येणार कुठून? तुम्ही काल रॅम मोजलीत. लिनक्स एकदा वाचलेली फाइल पेज कॅशमध्ये, म्हणजे रॅमच्या मोकळ्या भागात, ठेवतं, दुसऱ्यांदा डिस्ककडे फिरकतही नाही. वेग मोजायच्या एफआयओ या प्रोग्रामला डायरेक्ट=१ (कॅश टाळून थेट डिस्कवरून वाच) असं द्या, नाहीतर चाचणीची फाइल रॅमच्या दुप्पट तरी घ्या.

त्यानंतरही आकडा हलत असेल, तर आधी एमडीस्टॅट (/proc/mdstat, लिनक्समध्ये रेडची सद्यस्थिती दाखवणारी फाइल) बघा. डेबियन या लिनक्सवर वर्षानुवर्षं महिन्याच्या पहिल्या रविवारी, रात्री एकच्या सुमारास, अ‍ॅरेची, म्हणजे रेडमधल्या सगळ्या डिस्कच्या संचाची, तपासणी आपोआप सुरू होत आलीय. डिस्क १६ टीबीच्या असतील तर ती संपेपर्यंत सोमवार उजाडतो. त्या वेळात घेतलेली वेगाची चाचणी (बेंचमार्क) सरळ फेकून द्या.

मग आयोस्टॅट -एक्स ही डिस्कचं काम दाखवणारी कमांड लावा आणि चाचणी चालू असताना प्रत्येक डिस्कचा अवेट, म्हणजे एका विनंतीला लागणारा सरासरी वेळ, वाचा. तिघींचा १०-१२ मिलिसेकंद आणि चौथीचा ९० दिसला, की चोर सापडला. दिंडी सगळ्यात मागच्याच्या चालीने चालते, तसंच रेडचं. स्मार्टमध्ये (डिस्क स्वतःच ठेवते त्या तब्येतीच्या नोंदीत) वर 'पास्ड' लिहिलंय म्हणून निर्धास्त राहू नका, खालचे आकडे वाचा. १९९ नंबरचा सीआरसी एरर (डेटा वाटेत बिघडल्याची मोजणी) वाढत असेल तर आधी डिस्क जोडणारी साटा केबल बदला. डिस्क बहुधा ठणठणीत असते. दुकानदार हे सांगत नाही, नवी डिस्क विकतो.

लिहिण्याचा वेग पहिली काही मिनिटं झकास आणि मग धाडकन खाली येत असेल, तर मॉडेल नंबर शोधून डिस्क एसएमआर (कौलांसारखे एकावर एक चढलेले ट्रॅक असलेली) आहे का ते पाहा. अशा डिस्क आधी एका राखीव पट्ट्यात लिहितात. तो भरला की रडकुंडीला आणतात, आणि रात्रभर निवांत राहिल्या की सकाळी पुन्हा शहाण्या. सकाळ-संध्याकाळचे आकडे जुळत नाहीत, त्यामागे बऱ्याचदा हेच असतं. रेडमध्ये या डिस्क घालूच नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

अ‍ॅरे भरत गेल्यावर वेग उतरतो, तो मात्र दोष नाही. प्लॅटरच्या, म्हणजे डिस्कमधल्या फिरत्या तबकडीच्या, बाहेरच्या कडेला एका फेरीत जास्त सेक्टर (डेटाचे तुकडे) मावतात; आतल्या कडेला वेग जवळजवळ निम्मा होतो.

आणि हो, हादरे. २००८ साली ब्रेंडन ग्रेग हा इंजिनिअर सन या संगणक कंपनीत असताना डिस्कच्या रॅकवर अक्षरशः ओरडला होता, आणि आलेखात लेटन्सी (डिस्कच्या उत्तराला लागणारा वेळ) लगेच उसळलेली दिसली. व्हिडिओ अजून आहे. तेव्हा तुमचा डबा खडखडणाऱ्या पंख्याला टेकलेला असेल, तर आधी तो हलवा आणि मग मला आयोस्टॅटचं आउटपुट पाठवा. नुसता स्क्रीनशॉट नको.